जिनिंगमधली माणसं काढून यंत्रं आणावीत का?

पांढरकवड्याकडच्या एका तरुणाने विचारलं आहे. घरची २४ रेच्यांची, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्रांची, जिनिंग-प्रेसिंग, वडिलांनी या वर्षी कारभार त्याच्या हाती दिला. हंगामात ७०-८० माणसं लागतात, ती वेळेवर मिळत नाहीत, मिळाली तरी टिकत नाहीत. कुठल्याशा प्रदर्शनात त्याने गाठी उचलून थप्पी लावणारा रोबोटचा हात पाहिला. कापसातलं प्लास्टिक कॅमेऱ्याने ओळखून हवेच्या झोताने बाहेर उडवणारं यंत्रही पाहिलं. ‘काका, एकदाच कर्ज काढून सगळं यंत्रावर नेतो, माणसांची कटकटच नको. धंद्यात माणसाच्या जागी रोबोट आणणं बरोबर की चूक?’ असा त्याचा प्रश्न.

भाऊ, मी १९८९ च्या दसऱ्याला वर्धा जिल्ह्यातल्या एका जिनिंगात हेल्पर म्हणून लागलो. पुढे फिटर झालो, मग मॅनेजर, आणि आता काही वर्षांपासून दुसऱ्यांच्या जिनिंगा उभ्या करून देतो. यंत्रावरच माझं घर चाललं, त्यामुळे यंत्राला मी नावं ठेवणार नाही. पण ‘सगळं’ हा शब्द तुमच्या प्रश्नातून आधी काढा. कापूस गाडीतून उतरल्यापासून गाठ बांधेपर्यंत पंधरा-वीस वेगवेगळी कामं असतात. त्यातली काही कामं आजही माणसाकडून करून घेणं मला गुन्ह्यासारखं वाटतं. काही कामं यंत्राला दिलीत तर तुम्ही बुडाल. एकेक काम वेगळं काढून पाहावं लागतं.

जी कामं माणसाकडे ठेवूच नयेत ती आधी सांगतो, कारण ती मी केली आहेत.

माझ्या सुरुवातीच्या काळात बाया टोपल्यात कापूस भरून डोक्यावरून रेच्यापर्यंत आणायच्या आणि एक माणूस उभा राहून तो हाताने चारायचा. डबल रोलरचा रेचा तुम्ही उघडा पाहिला असेल. चामड्याचे दोन रोलर, प्रत्येकाला टेकलेली एक स्थिर सुरी, आणि मधे मिनिटाला हजाराच्या आसपास हेलकावे घेणारा बीटर. रोलरला रुई, म्हणजे कापसाचे तंतू, धरते, सुरीखालून ओढली जाते, सरकी अडते आणि बीटर तिला झोडून खाली पाडतो. कापूस ओला असला की तो वरच गोळा होऊन बसतो, आत जात नाही. मग चारणारा हाताने दाबतो. १९९३ च्या हंगामात मी होतो त्या जिनिंगात रात्रपाळीला एका एकोणीस वर्षांच्या पोराचा हात असाच आत गेला. तीन बोटं गेली. मी चार रेचे पलीकडे होतो. पट्टा उतरवून रेचा थांबेपर्यंतचे ते काही क्षण मला अजून झोपेत आठवतात. मालकाने दवाखान्याचं बिल भरलं, पोराच्या बापाच्या हातावर थोडे पैसे ठेवले आणि विषय संपला. कामावरच्या अपघाताच्या भरपाईचा कायदा १९२३ पासून होता, हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी त्या पोरासाठी भांडलो असतो.

आपोआप कापूस चारणारा ऑटो फीडर बसला की रेच्याच्या तोंडाशी हात न्यायचं कारणच उरत नाही. तुमच्याकडे २४ पैकी एकाही रेच्याला आज हाताने कापूस चारला जात असेल, तर रोबोट पाहायच्या आधी तो बंद करा. प्रेसच्या पेटीत उतरून पायांनी रुई तुडवणंही तसंच. मी ते दोन हंगाम केलं. नाकातोंडात रुईची धूळ जायची. आठवडी बाजाराची सुटी घेऊन परत आलं की पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी व्हायची. आम्ही म्हणायचो, बाजारात उन्हात फिरलो म्हणून होतं. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसचं हेच लक्षण आहे हे मला फार उशिरा, नागपूरच्या जिनिंग प्रशिक्षण केंद्रात शिकायला गेलो तेव्हा कळलं. १९४८ च्या कारखाने कायद्यात तर २७ वं कलम आपल्याच धंद्यासाठी लिहिलं होतं. प्रेसिंगच्या ज्या भागात कापूस मोकळा करणारा ओपनर चालतो तिथे बाईमाणूस किंवा लेकरू कामाला ठेवायचं नाही, मधे पक्की भिंत असली तरच बायांना भरणीच्या बाजूला काम देता येतं, असं ते सांगायचं. ती भिंत मी फार थोड्या ठिकाणी पाहिली.

फेब्रुवारी २००० मध्ये केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान मिशन सुरू केलं. त्याच्या चौथ्या भागातून जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला अनुदान मिळू लागलं आणि आपल्या भागातल्या कितीतरी जिनिंगांचं रूप पालटलं. हवेच्या पाइपाने कापूस ओढणं, कापूस वाहून नेणारे पट्टे, हायड्रॉलिक प्रेस हे सगळं तेव्हा आलं. टोपल्या गेल्या, तुडवणं गेलं. त्यात रोजी गेलेल्या बायाही होत्या, त्यांच्याविषयी पुढे सांगतो. पण टोपली गेली याचं दुःख मला कधीच झालं नाही.

शेतातही हेच. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात भरती झाले. डोक्याएवढ्या उंच पऱ्हाटीत पाठीवर पंप घेऊन फिरणाऱ्या माणसाच्या अंगावरच फवारा येतो. ते काम ड्रोनने, नाहीतर निदान ट्रॅक्टरच्या पंपाने व्हावं. तिथे मजुराची रोजी वाचवा असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. केंद्राने २०२३ मध्ये बचत गटांच्या बायांना ड्रोन द्यायची योजना आणली. ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाखांपर्यंत अनुदान. माणूस विषापासून लांब गेला आणि यंत्र गावातल्याच बाईच्या हाती आलं. यंत्र असं यावं, असं मला वाटतं.

आणखी एक जागा आहे. तिथे यंत्र माणसापेक्षा न्यायी असतं, हे आपण मालकांच्या बाजूने काम केलेल्या लोकांनी कबूल केलं पाहिजे. ती जागा म्हणजे काटा आणि ओलावा. जुन्या काट्यावर बसणारा माणूस चुकायचा तो बहुतेक वेळा शेतकऱ्याच्याच तोट्याचा चुकायचा. इलेक्ट्रॉनिक काटा आला, आकडा शेतकऱ्याला दिसायला लागला, भांडणं कमी झाली. ओलाव्याचंही तसंच. सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, ८ टक्के ओलावा धरून भाव देते, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात करून घेते. म्हणजे एकेका टक्क्यावर शेतकऱ्याचे पैसे हलतात. तिथे कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरच्या ‘ओला हाय’ या एका शब्दावर सोडण्यापेक्षा मीटर शेतकऱ्यासमोर लावा. मात्र मीटर गंजीत कुठे खुपसायचा हे ग्रेडरच्या हाताला कळतं. वरचा थर वाळलेला आणि आत पाणी मारलेलं असं मी कमी पाहिलेलं नाही. जुना ग्रेडर कोपरापर्यंत हात घालतो आणि मग सांगतो, इथे लावा.

आता कॅमेऱ्याच्या यंत्राकडे येतो. तुमचं मन सगळ्यात जास्त त्यावरच बसलंय असं दिसतं.

आपल्या कापसाला बाहेरच्या बाजारात जी नावं ठेवली जातात ती लांबीसाठी कमी आणि कचऱ्यासाठी जास्त. शेतकरी खताच्या चुंगड्यांत कापूस भरतो, त्याचे धागे सुटतात. गुटख्याची पुडी, केस, लुगड्याचा दोरा, कोंबडीचं पीस, काय वाट्टेल ते निघतं. एक चुंगडीचा धागा रेच्यात गेला की त्याचे शंभर तुकडे होतात. सूतगिरणीत ते सुतात बसतात आणि कापड रंगवलं की तिथे रंग धरत नाही. म्हणून रेच्याच्या आधी पट्ट्यावर बाया कचरा वेचतात. मी मॅनेजर असताना आमच्या पट्ट्यावर एक मावशी होती, साठीच्या जवळपास. नजर अधू झालेली, म्हणून मी तिला बसायचं दुसरं काम द्यायला गेलो. ती म्हणाली, “धागा डोयाले नाही दिसत जी, हाताले लागते. कापूस गरम रायते, पिलास्टिक थंडं लागते.” मी तासभर तिच्याजवळ उभा राहिलो. डावा तळहात कापसावरून सरकत होता, उजव्या हाताची दोन बोटं मधेच चिमट्यासारखी खाली जायची आणि पांढरा धागा वर यायचा. पांढऱ्यात पांढरा. मला एकही दिसला नव्हता. दुसरं काम द्यायचा विचार मी तिथेच सोडला.

कॅमेऱ्याला निळा धागा, काळा केस, लाल पुडी चटकन दिसते, त्यात माणूस त्याच्यापुढे टिकत नाही. तो रात्री तीन वाजताही तसाच पाहतो. पण पांढरं आणि पारदर्शक प्लास्टिक त्याला अवघड जातं. शिवाय कापूस झुपक्यांनी येतो आणि कॅमेरा वरचं पाहतो, झुपक्याच्या पोटातलं त्याला दिसत नाही. शिवाय हवेच्या झोताबरोबर चांगला कापूसही उडतो, तो पुन्हा कोणीतरी वेचून घ्यावाच लागतो. म्हणून यंत्र घ्यायचंच असेल तर रात्रपाळीसाठी आणि रंगीत कचऱ्यासाठी घ्या, आणि दिवसा पट्ट्यावर बाया ठेवा. मी दोन ठिकाणी असं बसवून दिलं, दोन्हीकडे गाठीला चांगलं गिऱ्हाईक मिळालं.

पैशाचा हिशेब करून पाहू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा यंत्र ४० लाखांना पडलं. ११ टक्क्यांनी व्याज ४ लाख ४० हजार. दहा वर्षं चालेल धरलं तर वर्षाची झीज ४ लाख. देखभाल ५ टक्क्यांनी २ लाख. वर्षाचे झाले १० लाख ४० हजार. त्याने १२ बाया कमी होतात म्हणा, ४०० रुपये रोजी, १५० दिवस. एका पाळीचे ७ लाख २० हजार वाचले, म्हणजे तोटा. दोन्ही पाळ्या पूर्ण चालल्या तर १४ लाख ४० हजार वाचले, म्हणजे फायदा. पण बोंडअळीने पीक गेलं आणि हंगाम ९० दिवसांत आटोपला, तर दोन पाळ्या चालवूनही ८ लाख ६४ हजारच वाचतात आणि तुम्ही पुन्हा तोट्यात. आपला धंदा दिवाळीपासून मार्च-एप्रिलपर्यंतचा. बँकेचं व्याज मात्र आषाढ-श्रावणातही चालू असतं. पुण्या-चाकणच्या कारखान्यात रोबोट बाराही महिने दोन-तीन पाळ्या राबतो, म्हणून त्याला तो परवडतो. तुमचा रोबोट सहा महिने ताडपत्रीखाली राहील आणि उंदीर त्याच्या वायरी खातील. उंदरांचं मी हसण्यावारी म्हणत नाही, दरवर्षी दसऱ्याआधी माझे दोन दिवस त्याच दुरुस्तीत जातात.

गाठी उचलणारा हात तर सोडूनच द्या. तुमचे २४ रेचे तासाला १२०० किलोच्या आसपास रुई काढत असतील तर तासाला सात गाठी झाल्या, १७० किलोची एक. सात गाठींसाठी रोबोटचा हात कशाला? पण म्हणून हमालाच्या कमरेवर तो बोजा ठेवू नका. लोखंडी आकडा लावून गाठ लोटत लोटत चाळिशीत वाकलेले हमाल मी पाहिले आहेत. गाठ दोन्ही बाजूंनी कवटाळून उचलणारी फोर्कलिफ्ट घ्या. ती रोबोटच्या मानाने फार स्वस्त पडते आणि गावातला ट्रॅक्टर चालवणारा पोरगा पंधरा दिवसांत शिकतो. तुमच्याकडे माथाडी मंडळाचे नोंदलेले हमाल असतील तर आधी त्यांच्याशी बसा. १९६९ चा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी बसायलाच हवं.

माणसं काढण्याची खरी किंमत कुठे कळते ते सांगतो. एका मालकाने, नाव घेत नाही, सगळी जिनिंग बटणांच्या कंट्रोल पॅनलवर नेली आणि म्हातारा फिटर काढला. तो फिटर लाकडी दांडा बेअरिंगला लावून दुसरं टोक कानाला लावायचा. “सातव्याचा आवाज फिरला जी,” म्हणायचा, आणि खरोखर दोन दिवसांत ते बेअरिंग गेलं असतं. तो घरी गेला. ऐन जानेवारीत रात्री व्होल्टेज वरखाली होऊन प्रेसच्या पॅनलचं कार्ड जळलं. कंपनीचा इंजिनिअर सहाव्या दिवशी आला. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, शेतकरी थंडीत गाडीखाली झोपलेले, आणि आत प्रेस हाताने चालवता येईल असा एकही माणूस नाही. मला बोलावलं तेव्हा मी म्हाताऱ्याला गावातून घेऊन गेलो. त्याने प्रेस मॅन्युअलवर घेऊन चालवली. पण तोपर्यंत अर्ध्या गाड्या दुसऱ्या जिनिंगात गेल्या होत्या. मालकाने त्याला पुन्हा कामावर बोलावलं. तो गेला नाही, आणि मीही त्याला जा म्हटलं नाही.

एक जुनी गोष्ट या निमित्ताने सांगावीशी वाटते. गांधीजी यंत्राच्या विरुद्ध होते एवढंच आपल्याला ठाऊक असतं. पण १९२९ साली त्यांच्याच चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी १ लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. त्याच्या अटी एखाद्या फिटरने लिहिल्यासारख्या आहेत. झोपडीत चालला पाहिजे, बाईला फार थकवा न येता ८ तास चालवता आला पाहिजे, तेवढ्या वेळात १६,००० फूट सूत निघालं पाहिजे, किंमत १५० रुपयांच्या आत, वेळच्या वेळी देखभाल केली तर २० वर्षं चालला पाहिजे, आणि वर्षाच्या दुरुस्तीचा खर्च किमतीच्या ५ टक्क्यांवर जाता कामा नये. ते बक्षीस कोणालाच मिळालं नाही. पण यंत्र घेताना मी आजही विक्रेत्याला यातलेच प्रश्न विचारतो. कोण चालवणार? किती वर्षं? दुरुस्तीला दरसाल किती? सुटा भाग नागपुरात मिळतो का, की बाहेरून मागवावा लागतो? रोबोट विकणाऱ्याला हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या.

आता त्या बायांविषयी. टोपल्या गेल्या तेव्हा ज्यांची रोजी गेली त्यातल्या बहुतेक कापूस वेचायला गेल्या. कापसाच्या धंद्यात हे पहिल्यापासून असंच आहे. अमेरिकेत १७९३ साली एली व्हिटनीने सरकी काढायचं यंत्र बनवलं. सरकी काढायचे कष्ट वाचले, पण म्हणून कापसाचा पेरा एवढा वाढला की १७९० ला तिथे ७ लाखांच्या आसपास असलेले गुलाम १८६० पर्यंत ४० लाखांच्या घरात गेले. रेच्यावरचे कष्ट शेतात गेले, आणि शेत ज्याचं होतं त्याने ते कोणावर टाकायचे हे ठरवलं. म्हणून ‘यंत्र आलं की माणूस सुटतो’ हे मला कोणी सांगितलं की मी विचारतो, सुटलेला माणूस गेला कुठे? तुमच्या ७०-८० माणसांपैकी यंत्रामुळे वीस कमी होणार असतील तर त्या वीस जणांची नावं कागदावर लिहा. नाव लिहिलं की त्यातला कोण पॅनल शिकेल, कोण फोर्कलिफ्ट चालवेल, कोणती बाई ओलाव्याच्या मीटरवर बसून नोंद ठेवेल, हे आपोआप सुचायला लागतं. दहावी-बारावी झालेल्या पोरी तुमच्या गावात घरी बसून आहेत. पॅनलचं बटण दाबायला पुण्याहून माणूस आणायची गरज नाही.

आणि माणसं मिळत नाहीत म्हणता, तर आधी आपलं घर पाहा. तुमच्या वडिलांच्या जिनिंगात मी आलो आहे. शेतकऱ्याला चुकारा लवकर मिळतो, कारण तो उशिरा दिला तर पुढची गाडी येत नाही. पट्ट्यावरच्या बाईला मात्र ठेकेदार पंधरा दिवसांनी पैसे देतो, तेही दोन दिवस खाडे दाखवून. प्यायचं पाणी फाटकाजवळच्या टाकीत. बायांना संडास नाही, म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. दिवाळीनंतर शेतात वेचणीला किलोमागे पैसे मिळतात, संध्याकाळी हातात पडतात. त्या का येतील तुमच्याकडे? दर शनिवारी थेट त्यांच्या खात्यात पैसे, पट्ट्याजवळ पाणी, दोन संडास, नाकाला बांधायला धुतलेलं फडकं, एवढं एका हंगामापुरतं करून पाहा. खर्च त्या कॅमेऱ्याच्या एका वर्षाच्या व्याजापेक्षा कमी येईल. त्यानंतरही माणसं कमी पडली तर मी स्वतः तुमच्याबरोबर यंत्र पाहायला येतो.

या वर्षी ऑटो फीडर आणि धूळ ओढायची पाइपलाइन पूर्ण करा, रेच्यांच्या सगळ्या पट्ट्यांना जाळ्या लावा, कापूस ओढायच्या पाइपात लोखंड धरणारं चुंबक बसवा. एक खिळा आत गेला तरी ठिणगी पडते आणि गंजी पेटते. पुढच्या वर्षी फोर्कलिफ्ट. कॅमेरा त्यापुढच्या वर्षी, तोही दुसरी पाळी भरवशाने चालत असेल तर. पावसाळ्यात रेचे उघडे असतात, शिकायला यापेक्षा चांगला काळ नाही. चार-पाच पोरं-पोरी निवडून नागपूरच्या केंद्रात शिकायला पाठवा आणि परत आली की जुन्या फिटरच्या हाताखाली द्या. दसऱ्याला रेच्यांना हळदकुंकू लागेल तेव्हा पॅनलपाशी कोण उभं असेल, ती नावं मला त्याआधी कळवा.